हरपलेलीं मापें आणि उरलेले कॅमेरे



मुंबई-पुण्याकडील कित्येक घरांत माळ्यावरच्या एखाद्या पेटींत, जुन्या लग्नपत्रिका आणि पितळी अडकित्ता यांच्या शेजारीं, एक कॅमेरा पडलेला असतो. काळ्या कातड्यानें मढविलेली पेटी, पुढें बारीकशी कांच, बाजूला एक किल्ली, आणि मागल्या झांकणांत लाल कांचेची एक इवलीशी खिडकी. आजोबांनीं तो घेतला, वडिलांनीं वापरला, आणि मग एके दिवशीं तो माळ्यावर गेला तो गेलाच. घरांतला एखादा हौशी तरुण तो खालीं काढतो, धूळ पुसतो, खटका दाबून पाहतो. खटका वाजतो. भात्याला भोंक नाहीं, कांचेवर बुरशी नाहीं. मोठ्या उमेदीनें तो दुकानांत जातो, आणि दुकानदार कॅमेरा उलटसुलट करून सांगतो, "याची फिल्म येत नाहीं आतां."

एवढ्यावरून कॅमेरा मेला असें आपण समजतों. माझें म्हणणें असें कीं, त्या कॅमेऱ्यांत मेलेलें कांहींच नसतें. बंद झालेलें असतें तें एक माप : फिल्मची अमुक रुंदी, रिळाची अमुक जाडी. तीं मापें कां निघालीं, कां बंद पडलीं, आणि बंद पडलेल्या मापाच्या कॅमेऱ्यांत आजहि फिल्म कशी भरतां येते, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आरंभ कांचेपासून करावा लागतो. पूर्वीं छायाचित्र घ्यावयाचें तें कांचेच्या तावदानावर. एका चित्राला एक तावदान. प्रवासाला निघालें तर कपड्यांपेक्षां कांचेचेंच ओझें अधिक. १८८८ सालीं अमेरिकेंतील रॉचेस्टर येथल्या जॉर्ज ईस्टमननें 'कोडॅक' नांवाची पेटी विकावयास काढली. किंमत २५ डॉलर. आंत शंभर चित्रांची गुंडाळी. चित्रें वाटोळीं, अडीच इंच व्यासाचीं. शंभर चित्रें संपलीं कीं अख्खी पेटीच कारखान्याकडे धाडावयाची आणि १० डॉलर भरावयाचे. तिकडून छापलेलीं चित्रें आणि नव्या गुंडाळीनें भरलेली पेटी परत येई. पुढल्याच वर्षीं कागदाऐवजीं पारदर्शक सेल्युलॉइडची फिल्म आली. तरी गुंडाळी भरावयाला काळोख लागे, ही अडचण राहिलीच.

ती दूर केली बोस्टनच्या सॅम्युएल टर्नरनें. १८९२ च्या आपल्या 'बुल्स-आय' कॅमेऱ्यासाठीं त्यानें फिल्मच्या पाठीशीं तिच्याहून बराच लांब असा काळा कागद जोडला. कागदाचीं दोन्ही टोकें फिल्मच्या पुढें-मागें मोकळीं राहत. त्यामुळें गुंडाळी भर उजेडांत हातीं घेतली तरी उजेड लागे तो कागदाला, फिल्मला नव्हे. त्याच कागदावर त्यानें ओळीनें आंकडे छापले आणि कॅमेऱ्याच्या पाठीला लाल खिडकी पाडली. किल्ली फिरवावी, खिडकींत '२' दिसला कीं थांबावें, दुसरें चित्र घ्यावें. खिडकी लालच कां? तर त्या काळची फिल्म लाल उजेडाला आंधळी होती. ही युक्ति दिसावयास क्षुल्लक, पण घराघरांत कॅमेरा गेला तो हिच्या बळावर, आणि ईस्टमनच्या पहिल्या पेटीहून मला हिचें मोल अधिक वाटतें. ईस्टमनलाहि तें कळलें असावें. त्यानें प्रथम तिचा परवाना घेतला, आणि १८९५ सालीं टर्नरचा कारखानाच विकत घेतला.

आतां मापें इतकीं कां झालीं? याचें उत्तर छपाईंत आहे. चित्र मोठें करून छापण्याचें साधन त्या काळीं सामान्य माणसाजवळ नव्हतें. नेगेटिव्ह छपाईच्या कागदावर ठेवावयाची आणि वरून उजेड द्यावयाचा. जेवढी नेगेटिव्ह तेवढेंच चित्र. मोठें चित्र हवें असेल तर फिल्म मोठी, आणि अर्थात् पेटीहि मोठी. टपालाच्या कार्डाएवढीं चित्रें काढून आप्तेष्टांस धाडण्याची टूम निघाली, तेव्हां १९०३ सालीं सव्वातीन इंच रुंद व साडेपांच इंच लांब चित्राची १२२ क्रमांकाची फिल्म आली. अंगरख्याच्या खिशांत मावणारा कॅमेरा लोकांना हवासा झाला, तेव्हां १९१२ सालीं १२७ क्रमांकाची निघाली. तिचें चित्र चार सेंटिमीटर रुंद आणि साडेसहा लांब. या दोहोंच्या दरम्यान आणि आगेंमागें आणखी कितीतरी. क्रमांक ऐकून यांत कांहीं गणित असावें असें वाटतें, पण १२० म्हणजे कशाचीहि लांबी-रुंदी नव्हे. कोडॅकनें आपल्या फिल्मांना १०१ पासून क्रमानें आंकडे दिले. जी आधीं निघाली तिचा आंकडा आधींचा, इतकाच त्याचा अर्थ. पुढें मोठें करून छापण्याचीं यंत्रें सर्वत्र झालीं, लहान फिल्मवरून हवें तेवढें चित्र मिळूं लागलें, आणि या मोठ्या मापांची गरजच सरली. कार्डाएवढी १२२ ही १९७१ पर्यंत कशीबशी टिकली.

या साऱ्या भावंडांत एकटी १२० तगली, आणि तिची जन्मकथा गमतीची आहे. १९०० सालीं कोडॅकनें मुलांकरितां म्हणून 'ब्राउनी' नांवाची पुठ्ठ्याची पेटी एका डॉलरला काढली. तिला ११७ क्रमांकाची फिल्म लागे. सहा चित्रांची, किंमत १५ सेंट. दुसऱ्या वर्षीं दोन डॉलरची दुसऱ्या नंबरची ब्राउनी आली आणि तिच्यासाठीं १२० आली. आज निष्णात छायाचित्रकार जिला मध्यम आकाराची फिल्म म्हणून आदरानें वापरतात, ती मुलांच्या खेळण्यासाठीं निघालेली फिल्म होय!

वास्तविक तिची थोरली बहीण ११७ हीच पुढें जावयाची. जर्मनींतील ब्राउनश्वाइगच्या कारखान्यानें १९२९ सालीं दोन भिंगांचा रोलायफ्लेक्स कॅमेरा काढला, तो प्रथम ११७ साठींच होता, कारण चौरस चित्राचे आंकडे तिच्याच कागदावर होते. पण सहाच चित्रें मिळत. लवकरच त्याच कारखान्यानें १२० कडे मोर्चा वळविला, आणि ११७ चें नशीब फिरलें. १९४९ सालीं ती बंद झाली. उलट १२० च्या कागदावर हळूहळू आंकड्यांच्या तीन ओळी आल्या. लांबट चित्रें हवीं तर आठ, चौरस हवीं तर बारा, लहान हवीं तर सोळा. कॅमेऱ्यानें खिडकी ज्या ओळीवर पाडली असेल तो हिशेब त्याचा. कोणत्याहि कारखानदारानें नवा कॅमेरा आंखावा आणि फिल्म मात्र तयार मिळावी, अशी ही सोय होती. १९४८ सालीं स्वीडनचा हॅसलब्लाड कॅमेरा आला तोहि १२० चाच. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या घरांत शिरलेला आग्फा क्लिक-३ हाहि तिचाच, आणि उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदु' फिल्म त्यांत भरली जाई. तो कारखाना बंद झाला, पण क्लिक-३ आजहि चालतो. इंग्लंड, अमेरिका, जपान आणि चेक देशांतून १२० येते. तुमच्या घरीं क्लिक असेल तर दुकानदाराला फक्त १२० मागा. मात्र त्या मागच्या लाल खिडकीवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि आंकडा पाहण्यापुरताच तो उचला. आजची बहुतेक फिल्म लाल उजेडाला आंधळी नाहीं.

खरी हळहळ वाटते ती ६२० ची. १९३१-३२ च्या सुमारास कोडॅकनें ही काढली. फिल्म तीच, रुंदी तीच, लांबी तीच, कागदावरचे आंकडेहि तेच. बदललें काय? फक्त रीळ. १२० च्या रिळाची दांडी जाड, ६२० ची पेन्सिलीसारखी बारीक. १२० च्या चकत्या मोठ्या, ६२० च्या सुमारें दोन मिलिमीटरांनीं लहान. किल्लीची खांच निराळी. कॅमेरा अधिक आटोपशीर व्हावा म्हणून हें केलें, असें त्याचें समर्थन केलें जातें. तें अगदींच खोटें नाहीं. पण तेवढ्याशा बचतीसाठीं जगभर मिळणारें रीळ टाकून नवें कां घ्यावें? गिऱ्हाइकाला आपल्या फिल्मशीं बांधून ठेवण्याचा हेतु त्यांत होता, असा संशय कित्येक जाणते घेतात, आणि मला तो रास्त वाटतो. त्यानंतर कित्येक वर्षें कोडॅकनें आपले मध्यम आकाराचे कॅमेरे बहुतांशीं ६२० साठींच केले. त्यांत चार-दोन डॉलरच्या पेट्या होत्या, तसा १९४१ चा मेडलिस्टहि होता, ज्याच्या भिंगाची वाखाणणी आजहि होते. १९९५ सालीं कोडॅकनें ६२० बंद केली, आणि असे असंख्य कॅमेरे, एकहि स्क्रू न निखळतां, एका दिवसांत निरुपयोगी ठरले. फिल्म शेजारच्या फळीवर होती. नव्हतें तें फक्त रीळ.

म्हणजे उपायहि रिळांतच आहे. ६२० चीं दोन रिकामीं रिळें मिळवावीं. एक बहुधा तुमच्या कॅमेऱ्यांतच अडकलेलें असतें. दुसऱ्यासाठीं मुंबईच्या चोरबाजारांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांत फिरावें. तेथें मोडका कोडॅक थोडक्या पैशांत मिळाला, तर कॅमेऱ्याकडे पाहूं नये, आंत रीळ आहे का तें पाहावें. प्लास्टिकचे थरावर थर रचून वस्तु घडविणारीं नवीं यंत्रें आतां निघालीं आहेत, त्यांवरहि अशीं रिळें करून मिळतात. मग पूर्ण काळोखांत, म्हणजे लाल दिवाहि न ठेवतां, १२० चा नवा रोल पहिल्या रिकाम्या रिळावर गुंडाळावा आणि तेथून पुन्हां दुसऱ्यावर. पहिल्या खेपेला रोल उलटा होतो, दुसरीला सुलटा. नाजुक जागा येते ती दुसऱ्या खेपेच्या शेवटीं. फिल्मचें एकच टोक कागदाला चिकटविलेलें असतें, आणि तें टोक हातीं येतें तेव्हां तेथें फुगा आलेला बोटांना लागतो, कारण बारीक दांडीवर कागद आणि फिल्म पहिल्याइतक्याच ताणानें बसत नाहींत. फुगा तसाच दाबून टाकूं नये. फिल्मला घडी पडून धुतल्यावर तेथें चंद्रकोरीसारखी काळी खूण उठते. चिकटपट्टी हलकेच सोडवावी, फिल्म सपाट करावी, पुन्हां चिकटवावी, आणि कागद घट्ट ओढीत गुंडाळी पुरी करावी. वाया गेलेल्या एखाद्या रोलवर उजेडांत, मग डोळे मिटून, असा चार वेळां सराव केला कीं काळोखांत हात आपोआप चालतात. कांहीं लोक एवढाहि खटाटोप करीत नाहींत. १२० च्या प्लास्टिक रिळाच्या चकत्यांची कड नखें कापण्याच्या कातरीनें छाटून तें तसेंच कॅमेऱ्यांत बसवितात. कांहीं कॅमेरे तें मानतात, कांहीं मानीत नाहींत, आणि न मानणाऱ्यांत तें निम्म्यावर अडकून बसतें. मी दोन रिळांचाच मार्ग सांगेन.

इतर मापांना याहून अधिक हिकमत लागते. ११६ आणि तिची बारीक दांडीची बहीण ६१६ यांची फिल्म सत्तर मिलिमीटर रुंद. दोन्ही १९८४ सालीं बंद झाल्या. त्या कॅमेऱ्यांत १२० चें रीळ आंखूड पडतें, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना बुचें बसवून त्याची लांबी भरून काढतात. फिल्मच्या कडा आधारावांचून राहूं नयेत म्हणून आंत पातळ चौकट घालतात. खिडकींतले आंकडे अर्थातच जुळत नाहींत. किल्लीचे फेरे मोजावे लागतात. त्यांतहि ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, घेणारें रीळ जसजसें जाड होतें तसतशी एका फेऱ्यांत अधिक फिल्म सरकते, म्हणून पहिल्या चित्राला जितके फेरे लागले तितके शेवटच्याला लागत नाहींत. कार्डाएवढ्या १२२ च्या कॅमेऱ्यांतहि याच रीतीनें १२० भरतां येते. तेव्हां तिच्यावर चार-पांचच चित्रें येतात, पण सहा सेंटिमीटर उंच आणि चौदा लांब. नदीचा अख्खा घाट किंवा वाड्याचा सगळा दर्शनी भाग एका चित्रांत घेण्याची अशी सोय आजच्या महागड्या कॅमेऱ्यांतहि क्वचितच असते.

१२७ चें उलट आहे. तिची रुंदी सेहेचाळीस मिलिमीटर, १२० ची साडेएकसष्ट. म्हणजे येथें फिल्म कापावी लागते. काळोखांत दोन पात्यांच्या सांच्यांतून रोल ओढून कापणारे हौशी लोक आहेत, आणि उरलेली सुमारें सोळा मिलिमीटरांची पट्टीहि ते फुकट घालवीत नाहींत. अगदीं चिमुकल्या कॅमेऱ्यांत ती चालते. कोडॅकनें १२७ बंद केल्यावरहि क्रोएशियांतील एक कारखाना ती करीत असे. तो २०१२ सालीं बुडाला. अधूनमधून कोणी लहान व्यापारी ती कापून, गुंडाळून विकतो. किंमत १२० च्या मानानें पुष्कळ अधिक पडते.

केवळ म्हाताऱ्या फिल्मा मेल्या आणि तरुण जगल्या, असेंहि नाहीं. १९६५ सालीं २२० निघाली. पाठीचा कागद काढून टाकून फक्त दोन टोकांना ठेवला, त्यामुळें त्याच रिळावर दुप्पट फिल्म बसली. बाराच्या जागीं चोवीस चित्रें. लग्नसमारंभ टिपणाऱ्यांना ती वरदान होती. पण पाठीला कागद नाहीं म्हणजे आंकडे नाहींत, आणि लाल खिडकीच्या साध्या कॅमेऱ्याला ती चालणार नाहीं. धंदेवाईकांवर विसंबलेली ही फिल्म धंदेवाईक विद्युत्-कॅमेऱ्यांकडे वळतांच ओसरली. जपानच्या फुजीनें २०१८ मध्यें ती थांबविली. पुढें चीनच्या शांघाय छापाच्या फिल्मनें ही लांबी पुन्हां बाजारांत आणली, हें खरें. तरीहि १९६५ ची सुधारणा डगमगते आणि १९०१ ची १२० उभी आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आतांपर्यंत नवी फिल्म जुन्या कॅमेऱ्यांत भरण्याविषयीं बोललों. पण माळ्यावरच्या कॅमेऱ्यांत कधीं कधीं जुनीच फिल्म असते, काढलेल्या चित्रांसकट, न धुतलेली. तेव्हां प्रश्न छंदाचा राहत नाहीं.

१८९७ सालीं स्वीडनचा अँड्रे हा दोन सोबत्यांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि नाहींसा झाला. तेहेतीस वर्षांनीं, १९३० सालीं, एका ओसाड बर्फाळ बेटावर त्यांचा शेवटचा तळ सांपडला. त्यांत न धुतलेल्या फिल्मा होत्या. स्टॉकहोमच्या जॉन हर्ट्झबर्ग यांनीं त्या अतिशय जपून धुतल्या आणि ९३ चित्रें वांचविलीं. बर्फावर कोसळलेलें बलून आणि त्याकडे पाहत उभे असलेले दोन पुरुष, हें त्यांतलें एक चित्र जगभर गेलें.

दुसरी गोष्ट आपल्या हिमालयांतली, आणि १२७ च्याच मापाची. १९२४ च्या जूनमध्यें मॅलरी आणि अर्व्हिन एव्हरेस्टच्या शिखराकडे चढत असतां ढगांत दिसेनासे झाले. त्यांच्यापाशीं त्यांचे सहकारी सॉमरव्हेल यांचा खिशांतला कोडॅक कॅमेरा होता असें मानतात. १९९९ च्या १ मे रोजीं मॅलरीचें शव मिळालें. कॅमेरा त्याजपाशीं नव्हता. २०२४ सालीं रोंगबुक हिमनदीवर अर्व्हिनचा बूट आणि त्यांतील अवशेष मिळाले; कॅमेरा तेथेंहि नव्हता. तो मिळाला, तर गोठून राहिलेल्या फिल्मवरून कांहीं उमटवितां येईल अशी जाणकारांना आशा आहे. हिलरी आणि तेनसिंग यांच्या २९ वर्षें आधीं कोणी माथ्यावर उभें राहिलें होतें कीं नाहीं, हा प्रश्न चार सेंटिमीटर रुंदीच्या एका चित्रावर अडून राहिला आहे.

आपल्या घरच्या कॅमेऱ्यांत एव्हरेस्ट नसतें. कदाचित् मुंज असेल, कोंकणांतल्या विकलेल्या घराचें अंगण असेल, किंवा ज्यांचें दुसरें चित्र कोठेंहि नाहीं अशी एखादी आजी असेल. म्हणून झांकण उघडण्यापूर्वीं लाल खिडकींत पाहावें. आंकडा किंवा कागद दिसला तर आंत रोल आहे. किल्ली सावकाश फिरवावी. शेवटचा आंकडा जाऊन कागदाचें टोक सुटेपर्यंत, ती हलकी लागेपर्यंत. अडली तर जोर करूं नये. काळोख्या खोलींत झांकण उघडून हातानें गुंडाळावें. काळ्यापांढऱ्या फिल्मवर पन्नास-साठ वर्षांनींहि धूसर कां होईना, चित्र निघाल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. रंगीत फिल्म इतकी चिवट नसते, आणि कोडॅक्रोमसारख्या कांहींची तर धुण्याची रासायनिक क्रियाच बंद झाली आहे. शेवटचे रोल २०१० च्या अखेरीस कॅन्ससमधील एका प्रयोगशाळेनें स्वीकारले. त्यांतून आतां मिळालें तर काळेंपांढरेंच चित्र मिळेल. १९५० पूर्वींच्या जुन्या नेगेटिव्हांचा एखादा गठ्ठा सांपडला तर तो वेगळा आणि थंड जागीं ठेवावा. त्यांतल्या कित्येक नायट्रेटच्या असतात, आणि नायट्रेट भडकन् पेटतें.

रोल कोठें धुवावयास द्यावा, हें ज्यानें त्यानें पाहावें. पुण्या-मुंबईंत काळेंपांढरें काम हातानें करणारे अजून आहेत. तुम्ही तयार केलेला ६२० चा रोल असो कीं माळ्यावरचा, कारागीर फिल्म काढून घेतो आणि कागद व रीळ केरांत टाकतो. १२० च्या प्लास्टिक रिळाचें त्याला कांहीं मोल नसतें, आणि हेंहि तसलेंच असें तो समजतो. तेव्हां रोलला दोऱ्यानें एक चिठ्ठी बांधावी आणि तीवर ठळक लिहावें : 'रीळ परत पाहिजे.'